तेवीस नंबरचा बिल्ला

आधीच सांगतो, ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या बाबतीत घडलेली आहे. पटली तर पटली, नाही पटली तर सोडून द्या. मला कोणाला पटवायची हौस नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती.

शनिवार होता. दुपारचे पावणेचार. विमानांच्या हँगरची दोन्ही मोठी दारं सताड उघडी, आत लख्ख ऊन, आणि आम्ही सोळा विद्यार्थी हजर. भूत अंधारातच येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावं.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. वीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेली. गॅरेज बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, हात चांगले आहेत, घरात बसून गंजवू नका, काहीतरी नवीन शिका. गावाबाहेरच्या धावपट्टीला लागून एक कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे विमानदुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स चालतो, आणि त्याच आवारात विमान चालवायलाही शिकवतात. मी दुरुस्तीला नाव घातलं. बॅचमधली बाकीची पोरं विशीतली. मला सगळे गॅरेजकाका म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, म्हणून चालवून घेतलं.

चालवायच्या कोर्सला माझा भाचा होता. घरात त्याला बारक्या म्हणतात. सहा फूट झाला तरी बारक्याच. ताईचा एकुलता एक. मेहुणे लवकर गेले, ताईनं एकटीनं वाढवला त्याला. तो विमान शिकणार म्हटल्यावर ती चार दिवस धड जेवली नव्हती. मग एक दिवस मला म्हणाली, "तू तिथे आहेस ना? तुझ्या हाताखालून गेलेल्या विमानातच त्याला बसू दे. मग मला झोप लागेल."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

त्या सोमवारी बारक्या पहिल्यांदा एकटा उडणार होता. शेजारी शिक्षक नाही, कोणी नाही. आणि त्याच्यासाठी ठरलेलं विमान शनिवारी आमच्या हँगरमध्ये तपासणीला होतं. सीटच्या मागचा भाग माझ्याकडे आला होता. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू.

आता आमच्या हँगरची एक पद्धत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भिंतीवर एक मोठा पत्र्याचा फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची लाल रंगात आकृती काढलेली. पाना त्याच्या आकृतीवर, पक्कड तिच्या आकृतीवर. हत्यार घेताना तिथल्या खिळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा. प्रत्येकाच्या बिल्ल्यावर त्याचा नंबर. माझा चौदा. हत्यार परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. संध्याकाळी फळा पूर्ण भरला नाही तर विमान हँगरमधून हलत नाही. कारण जे हत्यार फळ्यावर नाही, ते विमानाच्या पोटात असू शकतं. आणि विमानाच्या पोटात राहिलेलं हत्यार काय करू शकतं, ते पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलेलं होतं.

आमचे सर साठीला आलेले. पोरं त्यांना मागून मोजणीमास्तर म्हणायची. दिवसातून चार वेळा फळा मोजायचे. बोट लावून, ओठ हलवत.

त्यांचा दुसरा नियम एकच होता. घरचं हत्यार आत आणायचं नाही. छोटं नाही, मोठं नाही, खिशातली सुईसुद्धा नाही.

आणि हा नियम मी मोडत होतो.

माझा एक पाना होता. ग्राइंडरवर घासून घासून पातळ केलेला, बोटाएवढा. गॅरेजमध्ये जिथे कोणाचा पाना शिरायचा नाही तिथे माझा शिरायचा. वीस वर्षं तो माझ्या खिशात होता. कॉलेजच्या जाड्या पान्यांनी अडचणीतलं काम करायचं म्हणजे माझं डोकं फिरायचं. म्हणून मी तो गुपचूप घेऊन यायचो. मनात म्हणायचो, सरांचे नियम पोरासोरांसाठी आहेत. माज होता तो. दुसरा शब्द नाही.

त्या शनिवारी सीटमागच्या झाकणाखाली मी तोच पाना वापरला. तिथून तारेचा एक दोर जातो, एका कप्पीवरून. पायलटनं हातातला दांडा मागे ओढला की तो दोर ओढला जातो आणि विमानाचं नाक वर येतं. कप्पीजवळचा एक नट अडचणीत होता. तो मी आवळला, झाकण लावलं, बाराच्या बारा स्क्रू बसवले, तपासणीच्या कार्डावर सही केली.

पाना खिशात टाकला का?

तेव्हा मला वाटलं, टाकला. खरं म्हणजे वाटलंही नाही. विचारच आला नाही.

पावणेचारला सरांनी फळा मोजला. सगळं जागेवर. त्यांनी मान डोलावली. पोरं हात पुसू लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला...

किण्ण.

बारीक. पितळ पत्र्यावर आपटल्यासारखा.

आम्ही सगळे वळलो. फळ्यावर खालच्या रांगेत एक बिल्ला हलत होता. नुकताच कोणी अडकवून हात काढून घ्यावा तसा. ती जागा छोट्या गोल आरशाची होती. लांब दांडीचा आरसा असतो तो, अडचणीतलं बघायला. दोन मिनिटांपूर्वी सरांनी बोट लावून मोजलेला.

आरसा नव्हता.

बिल्ला होता. त्यावर नंबर होता तेवीस.

आणि आम्ही होतो सोळा...

फळ्याजवळ कोणीही नव्हतं. सगळ्यात जवळचा माणूस दहा पावलांवर होता, आणि ते सर होते.

एक पोरगा हसला. त्याला वाटलं कोणीतरी टिंगल करतंय. मग त्यानं सरांकडे बघितलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं. सर हत्यारांच्या पेटीवर बसले होते. चेहरा पांढराफटक. बराच वेळ त्या बिल्ल्याकडे बघत राहिले. हात मात्र लावला नाही.

मग म्हणाले, "सगळी झाकणं उघडा. एकूण एक."

कुरकुर झाली. शनिवार होता, घरी जायची वेळ झालेली. पण आरसा नाही म्हणजे नाही. ज्याने त्याने आपापलं झाकण गाठलं. मीही सीटमागे वाकलो. स्क्रू काढायला हात पुढे केला...

आणि झाकणाखालून टकटक झाली.

तीनदा.

थांबून थांबून. बंद दाराच्या आतून कोणी वाजवावं तशी.

मी बाजूच्या पोराला विचारलं, ऐकलंस का? तो म्हणाला, काय काका? त्याला काही ऐकू आलं नव्हतं. मी हात खिशात घातला. आणि तेव्हा मला कळलं.

खिसा रिकामा होता.

बारा स्क्रू कसे काढले ते माझं मला ठाऊक. झाकण उचललं...

माझा पाना कप्पीवर होता. दोर आणि कप्पीच्या मध्ये अर्धा शिरलेला. जमिनीवर दांडा हलवून बघितला असता तर कदाचित काही कळलंही नसतं. वर गेल्यावर, पहिल्या जोराच्या ओढीला, तो पूर्ण आत शिरला असता. मग दांडा जागचा हलला नसता. आणि आत बारक्या असता. एकटा.

पान्याच्या शेजारी तो आरसा पडला होता. तोंड वर करून.

त्यावर वाफ होती.

म्हणजे कसं सांगू... आपण आरशाच्या अगदी जवळ तोंड नेऊन श्वास सोडला की काच धुरकट होते ना, तशी. मी बघत होतो तोवर ती कडेकडेनं विरत गेली. माझा श्वास नव्हता तो. मी श्वास रोखून धरला होता.

आता माझी लाज सांगतो.

मी पाना उचलला आणि बाहीत सरकवला. आरसा हातात घेतला आणि ओरडून सांगितलं, सापडला.

सर आले. आरशाकडे बघितलंच नाही त्यांनी. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "फक्त आरसाच होता?"

"हो सर. फक्त आरसा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पोरं गेल्यावर मी मागे राहिलो. तेवीस नंबर कोणाचा, विचारलं. सरांनी जे सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या बॅचला एक बाई होती. पस्तिशीची, दोन मुलांची आई. आधी शिवणकाम करायची. विमानातल्या वायरींचे जुडगे दोऱ्यानं बांधतात, त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलेजच्या कात्रीनं दोरा नीट कापला जात नाही म्हणून ती घरची छोटी कात्री आणायची. लपवून. एक दिवस ती कात्री आत राहिली. फळा पूर्ण भरलेला होता, कारण कात्री फळ्यावरची नव्हतीच. रात्री घरी कापड कापायला बसली, कात्रीकडे हात गेला, आणि तिला आठवलं.

तिनं फोन केला नाही. सांगितलं तर कोर्समधून काढतील. सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी जाऊ आणि गुपचूप काढून घेऊ, असं ठरवलं.

विमान साडेपाचला, उजाडता उजाडता, गेलं होतं. आत एकोणीस वर्षांची शिकाऊ मुलगी होती. ते विमान परत आलं नाही.

बाईनं नंतर सगळं कबूल केलं. तिला इथे यायला बंदी होती. तरी वर्षभर रोज हँगरच्या दारापर्यंत यायची. आत पाऊल टाकायची नाही. तिथूनच फळ्याकडे बघत उभी राहायची. पुढे आजारी पडून गेली. तिचा बिल्ला सरांनी स्वतः घरी नेऊन कपाटात ठेवला होता.

त्या संध्याकाळी सरांचा मला फोन आला. आवाज बसलेला. म्हणाले, कपाट उघडून बघितलं. बिल्ला कपाटातच आहे.

मग सोळा जणांनी फळ्यावर काय बघितलं होतं?

मोबाइल ठेवला आणि सरळ बाहेर पडलो. पाना पुलावरून नाल्यात भिरकावला. तिथून ताईकडे गेलो. बारक्या घरीच होता. ताई आत पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "मामा, आज त्या विमानात तुझं काही राहिलं होतं का?"

मला वाटलं, पोरांकडून आरशाचं कळलं असेल. मी म्हटलं, नाही रे, माझं काय राहणार? तेवढ्यात ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्यासमोर उतरली. आता कुठल्या तोंडानं शब्द मागे घेणार?

ज्या लपवालपवीपायी ती बाई शेवटपर्यंत जळली, तीच मी केली. एकाच दिवसात दोनदा.

सोमवारी बारक्याचं पोट बिघडलं. तो गुरुवारी उडाला, दुसऱ्या विमानातून. छान उतरला. मी कुंपणाशी उभा राहून रडलो. पुढच्या दीड वर्षात त्या एका विमानात मात्र तो कधी बसला नाही. दर वेळी काहीतरी कारण. आज त्याची सीट टोचते, उद्या त्याच्या इंजिनाचा आवाज आवडत नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो. म्हणायचो, नवरीमुलगी बघायला गेला तर काय काय खोडी काढेल हा.

मी पास झालो. त्याच धावपट्टीवरच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. सगळं सुरळीत.

फक्त एक गोष्ट...

मी कुठलंही झाकण लावलं, शेवटचा स्क्रू बसवला, की आतून टकटक.

तीनदा.

दर वेळी. सकाळी, दुपारी, माणसांच्या गर्दीत. मलाच ऐकू यायची. मी झाकण पुन्हा उघडायचो. बॅटरी मारून बघायचो. आत काही नसायचं. पुन्हा लावायचो. सहकारी म्हणायचे, गॅरेजकाका झाकण लावतात तोवर आमचा दोनदा चहा होतो. साहेबांनी मात्र सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, काळजी कशी घ्यावी ते यांच्याकडून शिका. टाळ्या वाजल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सहा वर्षं हे चाललं. सहा.

यंदा बारक्याला मालवाहू विमानावर नोकरी लागली. छोटं विमान, एकटा पायलट. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी ताईकडे गेलो. ताई दुकानात गेली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो आणि मी. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं वाटलं. आणि मी बोललो. पाना, कप्पी, बाही, टकटक, सगळं. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "मला माहीत होतं, मामा."

मी मान वर केली.

त्यानं सांगितलं... त्या शनिवारी चारच्या सुमारास तो कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसला होता. एक बाई शेजारी येऊन बसली. निळा कामाचा डगला, केस घट्ट बांधलेले. त्याला वाटलं, आमच्या बॅचची असेल. ती डगल्याच्या बाहीचे सुटलेले धागे बोटांनी तोडत होती. एक तोडला की दुसरा. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी त्यात बसू नकोस. तुझा मामा बोलेपर्यंत बसू नकोस." कशाबद्दल बोलेपर्यंत, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "त्याला ठाऊक आहे."

तो उठून हँगरकडे बघतो तोवर बाक रिकामा होता.

चार वाजता मी आत त्या झाकणावर वाकलेलो होतो.

"मग तू विचारलंस तेव्हा मी..."

"तू नाही म्हणालास. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं."

मला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो टेबलाकडे बघत होता. म्हणाला, "ते सोड, मामा. माझं ऐक. सोमवारी मी पोटाचं सोंग केलं. पण ते विमान रिकामं नाही राहिलं. माझ्या जागी दुसऱ्या पोराला बसवलं. मला माहीत होतं त्यात काहीतरी आहे. निदान वाटत तरी होतं. मी कोणाला सांगितलं नाही. लोक हसतील, बाईचं सांगितलं तर उडायलाच बंदी करतील, असं वाटलं. धावपट्टीच्या कडेला उभा राहून बघत होतो. तो उतरला सुखरूप. पण मी गप्प बसलो होतो ना."

त्यानंतर तो जे बोलला ते मी रोज आठवतो.

"मलाही ऐकू येते. सीटच्या मागून. वर गेलो, विमान सरळ झालं, की तीनदा."

तेवढ्यात ताई दुकानातून आली. आमची तोंडं बघून म्हणाली, काय रे, मामा-भाचे भांडलात की काय? आम्ही दोघंही हसलो. दोघंही नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. बारक्याला म्हटलं, तूही त्या पोराला शोध आणि सांग. तो म्हणतो, शोधतोय. तो पोरगा दुसऱ्या देशात गेलाय, पत्ता नाही.

माझी टकटक त्या दिवसापासून बंद आहे. पाच आठवडे झाले. झाकण लावतो, कान देतो... काही नाही. पण सुटलो असं म्हणवत नाही. कारण मी जमिनीवर होतो. आवाज आला की झाकण उघडून आत बघत होतो. हा पोरगा आठ हजार फुटांवर, एकटा, दोन्ही हात दांड्यावर. तो कुठलं झाकण उघडणार? आणि एखाद्या दिवशी आत खरंच काही असलं तर?

ताई म्हणते, तूच बघतोस ना त्याची विमानं, मग मला काळजी नाही. तिला कोण सांगणार की तो आता ज्या दुसऱ्या गावी असतो तिथे त्याची विमानं दुसरेच कोणी बघतात, आणि त्यांच्या खिशात काय असतं ते मला माहीत नाही.

रोज संध्याकाळी मी त्याला फोन करतो. उतरलास का विचारतो. उतरलो मामा, म्हणतो. मग मी विचारतो, आज आवाज आला का?

पलीकडे नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहतो. मग म्हणतो, ठेवतो मामा, पहाटे निघायचंय.